पोचवायला कोण येणार?

आमच्या वसईजवळच्या उमेळ्यात बाई घरी जात नाही, तिला पोचवलं जातं. दिवेलागणीनंतर कुठल्याही घरात एखाद्या बाईने 'येते हं मी' म्हणायचा अवकाश, घरची बाई लगेच चपला शोधायला लागते. ती हिला कोपऱ्यावरच्या क्रुसापर्यंत पोचवते. तिथे उभं राहून पुन्हा अर्धा तास बोलणं होतं, कारण खऱ्या बातम्या घरात पुरुषांच्या देखत सांगता येत नाहीत. मग पाहुणीच्या लक्षात येतं की ही बिचारी आता एकटी परत कशी जाणार. म्हणून ती हिला अर्ध्या वाटेपर्यंत पोचवायला निघते. अर्धी वाट नेमकी कुठे येते यावर मात्र आजतागायत एकमत झालेलं नाही. दोन बायका एकमेकींना पोचवत इतका वेळ फिरत राहिलेल्या मी पाहिल्या आहेत की शेवटी एकीच्या नवऱ्याने चिडून स्कूटर काढली आणि दोघींना आपापल्या दारात नेऊन टाकलं.

भीती कशाची, हे कोणी विचारत नाही. पूर्वी केळीच्या वाड्या होत्या, अंधार होता, साप होते. आता निम्म्या वाड्यांच्या जागी बिल्डिंगा आल्या, पावलोपावली दिवे आले, सापांनीही बहुधा भाड्याने दुसरीकडे जागा घेतली. पोचवणं तेवढं राहिलं.

मी बावन्न वर्षांची आहे आणि माणिकपूरच्या एका शाळेच्या ऑफिसात काम करते. माझं लग्न झालं नाही, पण पोचवणाऱ्यांची ददात मला कधीच पडली नाही. शाळेतून उशीर झाला तर शिपाई रिक्षा स्टँडपर्यंत येतो. स्टँडवर आमच्या गावचा रिक्षावाला असतो, तो थेट आमच्या फाटकाशी सोडतो आणि मी दाराची कडी वाजवेपर्यंत हेडलाइट चालू ठेवतो. फाटकात वहिनी उभी असतेच. एका हातातून दुसऱ्या हातात असं माझं आयुष्य गेलं. मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं, उलट बरंच वाटायचं, हे आधीच सांगून टाकते.

मागच्या वर्षी माझ्या भाचीने, म्हणजे दादाच्या मुलीने, जेवताना जाहीर केलं की ती नोव्हेंबरात दोन आठवडे लिस्बनला जाणार आहे. एकटी. तिकीट काढून झालं होतं. पैसे तिचे स्वतःचे, कंपन्यांसाठी कसलीशी चित्रं आणि डिझाइनं करून तिने साठवलेले. राहायची जागा जुन्या शहरातल्या एका चढावरच्या गल्लीत होती, जिथे संध्याकाळपासून दारोदार गाणंबजावणं चालतं आणि लोक ग्लास घेऊन रस्त्यावरच उभे राहतात.

"बोहेमियन एरिया आहे तो, मम्मी," ती म्हणाली.

दादाने ताटावरून उठून फोनवर या शब्दाचा अर्थ शोधला. बराच वेळ वाचून म्हणाला, "म्हणजे जिथे माणसं वेळेवर जेवत नाहीत."

वहिनीला तेवढ्यानेच घाम फुटला. एकटी मुलगी, परका देश, रस्त्यात दारू पिणारे पुरुष आणि वर जेवणाची वेळ नाही. दादा मात्र मुलीच्या बाजूने होता. "अगं, ती पोर्तुगीज माणसं आपल्या वसईत येऊन दोनशे वर्षं राहिली. निघायच्या आधी त्यांनी कोणाला विचारलं होतं का, तिथे सेफ आहे का म्हणून?"

"ते तोफा घेऊन आले होते," वहिनी म्हणाली. चर्चा संपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाचीचा पासपोर्ट तिच्या कपाटात नव्हता. तो आमच्या घरच्या अल्तारावर, मारियामातेच्या मूर्तीखाली होता, आणि त्याचा निळा कोपरा सगळ्यांना दिसेल असा बाहेर ठेवला होता. मूर्ती उचलून तो काढून घ्यायला एक क्षण पुरला असता. पण मग रविवारी चर्चमध्ये मिस्सेला कोणत्या तोंडाने बसायचं? भाचीने तीन वेळा हात पुढे केला आणि तीन वेळा मागे घेतला. चौथ्यांदा ती माझ्या खोलीत येऊन रडली.

तिने मला तिच्या फोनवरच्या सूचना दाखवल्या. एकट्या फिरणाऱ्या बायकांनी काय करावं हे दुसऱ्या एकट्या फिरणाऱ्या बायकांनी लिहिलेलं होतं. कुठे राहता ते अनोळखी माणसाला सांगू नका. बसताना दार दिसेल असं बसा. वाट माहीत नसली तरी माहीत असल्यासारखं चाला. कोणी मागे येतंय असं वाटलं तर रस्ता ओलांडा, तरीही येत असेल तर उजेडाकडे, माणसांकडे जा, आणि आवाज करा. मी सगळं वाचलं. आमच्या गावात यातलं एकही कलम चाललं नसतं. आमच्याकडे अनोळखी माणूस पहिला प्रश्नच 'कोणाच्या घरची गो तू' असा विचारतो, आणि उत्तर दिलं नाही तर तोच घाबरतो.

"आत्या, तू तरी मम्मीला सांग," भाची म्हणाली.

मी सांगितलं. वहिनीने ऐकून घेतलं आणि म्हणाली (मला घरीदारी सगळे बायच म्हणतात), "बाय, ती लिस्बनच्या गोष्टी करते. ती कधी माणिकपूरहून एकटी घरी आली आहे का? सांग. एकदा तरी?"

मी आठवून पाहिलं. नव्हतीच आली. पोरीचं शिक्षण झालं, नोकरी झाली, पण अंधार पडल्यावर ती कायम कोणाच्या तरी मागच्या सीटवर बसूनच घरी आली होती.

तिथून ती परीक्षा निघाली. वहिनीने अट घातली. शनिवारी भाचीने माणिकपूरच्या त्या नव्या कॅफेत एकटीने बसायचं. अंधार पडेपर्यंत बसायचं. मग एकटीने घरी यायचं. कोणी सोबत नाही, कोणी पोचवायला नाही, घरून कोणाचा फोन नाही. आली तर पासपोर्ट तिचा. नाही आली, कोणाचा हात धरून आली, तर तिकीट रद्द. भाचीने लगेच हात पुढे करून वचन घेतलं.

त्या रात्री भांडी विसळताना वहिनी हळूच मला म्हणाली, "बाय, तू मागून जा तिच्या."

"मग ती एकटी कुठे राहिली?"

"तिला कुठे कळणार आहे?"

 खोटं कशाला बोलू, पोरीच्या काळजीने माझाही जीव वरखाली होत होता. मी हो म्हटलं.

शनिवारी मी दादाचं विंडचीटर घातलं, तोंडाला मास्क लावला आणि विंडचीटरची टोपी डोक्यावर ओढली. ऑक्टोबरच्या उकाड्यात हा वेश करून माणिकपूरच्या बाजारातून चालताना मी कोणाला ओळखू येत नव्हते, पण दिसत मात्र सगळ्यांना होते. कॅफेत शिरले तेव्हा मी घामाने निथळत होते.

हा कॅफे म्हणजे आमच्याकडची नाइटलाइफ. भिंतीवर एक गंजकी सायकल टांगलेली, छताला पिवळे बल्ब, आणि कोपऱ्यात गिटार वाजवणारा मुलगा. तो रविवारी चर्चच्या गायनमंडळात वाजवतो, त्यामुळे त्याचं प्रेमगीतसुद्धा शेवटाला आलं की 'आमेन' म्हणावंसं वाटतं. भाची दाराकडे तोंड करून बसली होती, सूचनेप्रमाणे. मी तिच्या पाठीमागच्या खांबाआड बसले आणि मेन्यूवर बोट ठेवून मोहितो मागवला. दारू असली तर चाखून ठेवून देईन, असं ठरवलं होतं. पुदिन्याचं सरबत निघालं. जरा निराशाच झाली.

दहा मिनिटांत गाव यायला लागलं. पहिल्या आल्या आमच्या गायनमंडळाच्या बाई, केक घ्यायला. "अगो, तू एकटीच? थांब, केक बांधून घेते नि तुला पोचवते."

"नको आंटी, मैत्रीण येतेय माझी."

मैत्रीण म्हटल्यावर आंटीच्या डोळ्यांत जी चमक आली ती पाहून मी खांबामागे कपाळाला हात लावला. उद्या सकाळच्या मिस्सेपर्यंत या मैत्रिणीला मिशा फुटणार होत्या. पण आंटी गेल्या. मग भाचीच्या वर्गमित्राची आई आली, मग आमच्या शेजारच्या वाडीवाल्याचा जावई. प्रत्येकाचं तेच: एकटीच? चल, सोडतो. पोरगी प्रत्येकाला हसून, गोड बोलून वाटेला लावत होती. लिस्बनच्या गल्लीत दारू पिऊन कोणी हात धरला असता तर सोडवून घेणं सोपं होतं. गावच्या मायेचा हात सोडवणं महाकठीण, आणि ती ते करत होती. मला तिचा फार अभिमान वाटला.

तेवढ्यात माझ्या खांद्यावर टकटक झाली. आमच्या शाळेचा शिपाई, हातात पार्सलची पिशवी.

"मॅडम, सर्दी झाली का?"

एवढा मास्क, एवढी टोपी, आणि या माणसाने मला पाठीवरून ओळखलं! मी बोट ओठांवर ठेवलं.

तो खाली वाकून कुजबुजला, "काय लफडा आहे का?"

"काही नाही. तुम्ही जा."

"मग चला, स्टँडपर्यंत सोडतो."

"आज नको."

"मग कोण सोडणार?"

"कोणी नाही," मी म्हणाले. तो माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मी राजीनामाच दिला आहे. शेवटी जाताना तीनदा मागे वळून पाहून गेला.

भाची उठली. मीही उठले. ती स्टँडवर गेली तेव्हा नेमका आमच्या गावचा रिक्षावाला तिथे नव्हता, हे तिचं नशीब. ती एका अनोळखी रिक्षात बसली. मी मागच्या रिक्षात शिरले आणि म्हणाले, "त्या पुढच्या रिक्षाच्या मागे घ्या."

रिक्षावाल्याने आरशातून माझा मास्क पाहिला, टोपी पाहिली. "मॅडम, आपल्याला लफडा नको हां. ती पोरगी कोन हाय?"

"माझी भाची आहे."

"मग तिच्याच रिक्षात का नाय बसलात?"

मी मास्क आणखी वर ओढला.  तो उमेळ्याच्या नाक्यापर्यंत दर वळणावर मागे वळून मला बघत होता, आणि रस्त्याकडे त्याने फारसं पाहिलं असं मला आठवत नाही.

नाक्यावर भाची उतरली आणि गावाकडे चालू लागली. मी थोडं अंतर ठेवून मागे. एका बाजूला नव्या बिल्डिंगचं कुंपण, दुसऱ्या बाजूला उरलेली वाडी. मधला एक दिवा बंद होता. तिथे आल्यावर मला एकाएकी जाणवलं की माझ्या पाठीमागे कोणी नाही. मी वळून पाहिलं. खरंच कोणी नव्हतं. हेडलाइट नाही, शिपाई नाही, फाटकात वहिनी नाही.  आधी भीती वाटली. दहा पावलं चालल्यावर वाटलं, नुसती भीती नसावी.

त्या नादात माझं पाऊल सुक्या झावळीवर पडलं. पुढे भाची थबकली. मी शेवग्याच्या झाडामागे गेले. तिने मागे पाहिलं नाही, रस्ता ओलांडला. मीही ओलांडला. तिने चाल वाढवली, मीही वाढवली. मला वाटत होतं मी फार हुशारीने चालते आहे. तिला एवढंच कळत होतं की कोणीतरी अंधारात तिच्या मागे लागलं आहे.

ऑक्टोबर हा आमच्याकडे जपमाळेचा महिना. चर्चमधून आलेली मारियामातेची मूर्ती रोज एका घरी जाते आणि सगळी आळी तिथे जमून रोझरी म्हणते. त्या दिवशी ती कोपऱ्यावरच्या म्हातारीच्या घरी होती. भाची सरळ त्या उजेडाकडे धावली, अंगणाच्या तोंडाशी वळून उभी राहिली आणि तिने पर्समधून शिट्टी काढून फुंकली. काय फुंकली! आमच्या शाळेच्या क्रीडा दिनालाही अशी शिट्टी मी ऐकली नव्हती.

रोझरी तुटली. घरातून बायका बाहेर आल्या, हातात मेणबत्त्या, गळ्यात जपमाळा, एकीच्या हातात तर पाट. कोण आहे, काय झालं, कोणाला काही ठाऊक नव्हतं. त्या नुसत्या धावत आल्या आणि मी पळायचं की थांबायचं हे ठरवेपर्यंत माझ्या दोन्ही दंडांना आठ-दहा हात लागले होते. एकीने टोपी मागे खेचली, एकीने मास्क ओढला, आणि माझ्या नाकाशी मेणबत्ती धरून उभी होती ती वहिनी.

"अगो बाई, ही तर आपली बाय!"

"आत्या?" भाची ओरडली. त्या एका शब्दात इतका राग होता की मला वाटलं, पुन्हा मास्क लावावा.

सगळ्या एकदम बोलू लागल्या. तेवढ्यात घरची म्हातारी काठी आपटत दारात आली. तिचं माहेर कोळीवाड्यातलं, आवाज तिथलाच. "कोन हाय ते मंग बघू. आधी रोझरी पुरी करा. मूर्तीला अशी अर्ध्यावर ठेवायची नाय."

त्यामुळे आरोपीला मध्ये बसवून उरलेली रोझरी पुरी झाली. माझ्या एका बाजूला वहिनी, दुसऱ्या बाजूला भाची, दोघीही मला कोपर लागणार नाही इतक्या अंतरावर. मी इतक्या मनापासून नमो मारिया फार दिवसांत म्हटली नव्हती.

मग उकडलेले चणे आणि चहा आला आणि खटला सुरू झाला. परीक्षेची हकीकत सगळ्यांना कळली. गायनमंडळाच्या बाई म्हणाल्या, पोरगी पास, तिने चोर ओळखला. दुसरी म्हणाली, पास कशी, पन्नास बायकांना धावावं लागलं. तिसरीने विचारलं, ती मैत्रीण आली होती का शेवटी?

भाची फक्त आईकडे बघत होती.  तिचं लिस्बन त्या चण्यांच्या ताटलीवर अडकलं होतं.

वहिनीने चहा संपवला, कप खाली ठेवला. "परीक्षा झालीच नाही," ती म्हणाली. "ही एकटी कुठे होती? मागे आत्या होती. एकटी आली ती बाय. तिच्या मागे कोणी नव्हतं. पास ती झाली. तिलाच जाऊ दे लिस्बनला."

बायका खो खो हसल्या. म्हातारीला ठसका लागला. मीही हसायला तोंड उघडलं, आणि हसू काही येईना. मला लिस्बनला जायचं होतं. त्या क्षणी, हातात चण्यांची ताटली धरून, मला ते इतकं हवंसं वाटलं की लाज वाटली. आणि मी नुसतं हो म्हटलं असतं तर वहिनीने दोघींना एकत्र पाठवलं असतं, तेही मला दिसत होतं. तिच्या चेहऱ्यावर तो सुटकेचा भाव आलाच होता. भाचीलाही ते दिसलं. तिने मान खाली घातली.

"नको वहिनी," मी म्हणाले. "मी गेले तर ती पुन्हा पोचवलेलीच."

हसणं जरा कमी झालं.

"मी आज पहिल्यांदा एकटी आले. त्या बंद दिव्यापासून इथपर्यंत. मला भीती वाटली आणि मला खूप आवडलं. मी बावन्न वर्षांची आहे, वहिनी. पोरीला एवढी वर्षं थांबवू नकोस."

माझा आवाज फाटला, ते मला नको होतं.  म्हातारीने उगाचच माझ्या ताटलीत आणखी चणे टाकले.

घरी जायला आम्ही तिघी उठलो. सवयीने चार-पाच जणी चपला शोधायला लागल्या. वहिनीने हाताने त्यांना थांबवलं. वाटेत ती पुढे होती. घरात शिरल्यावर दादा 'काय झालं' विचारत होता. ती सरळ अल्तारापाशी गेली, क्रूस केला, मूर्ती उचलली आणि पासपोर्ट भाचीच्या हातात दिला. भाचीने तिला मिठी मारली तेव्हा दोघी रडल्या, आणि दादा कारण न कळताच रडला.

मी माझ्या खोलीकडे वळले.

"बाय," वहिनीने हाक मारली. तिने पदराने डोळे पुसले होते, पण आवाज नेहमीसारखाच करडा होता. "तुझा पासपोर्ट कुठे आहे?"

"माझा? माझा नाहीच आहे."

"मग सोमवारी जाऊन अर्ज कर," ती म्हणाली. "एकटीच जा."